आठ मिलिमीटरची साक्ष

जगभर मंदी पसरली असता आणि सुस्थित घरांतूनही खर्चाला कात्री लागली असता, १९३२ साली कोडॅक कंपनीने ८ मिलिमीटर फिल्मचा घरगुती कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्यामागची दृष्टी सर्वस्वी व्यापारी होती. परंतु काटकसरीच्या पोटी जन्मलेल्या त्या लहानशा यंत्राने, स्वतःच्या अंगणातील हालचाल टिपून ठेवण्याचे जे सामर्थ्य तोवर धनिकांच्याच आटोक्यातले होते, ते बऱ्याच सामान्य संसारांच्या हाती दिले. त्याआधी दहा वर्षे फ्रान्सच्या पाथे कंपनीने ९.५ मिलिमीटरची फिल्म काढली होती आणि पाठोपाठ १९२३ साली अमेरिकेत १६ मिलिमीटरची निघाली होती. चित्रपटगृहांतली नायट्रेटची फिल्म ठिणगीसरशी पेट घेई, म्हणून घरात वावरणाऱ्या या फिल्मा आरंभापासूनच सहजासहजी न पेटणाऱ्या ॲसिटेटवर केल्या जात. परंतु त्यांचा खर्च पेलणारी घरे थोडी. ८ मिलिमीटरची योजना अशी होती की, २५ फूट लांबीची १६ मिलिमीटरचीच पट्टी कॅमेऱ्यातून नेऊन तिच्या निम्म्या रुंदीवर चित्रे घ्यावयाची, मग रीळ उलटून उरलेल्या निम्म्यावर घ्यावयाची, आणि प्रक्रियेनंतर पट्टी उभी चिरून दोन्ही भाग एकापुढे एक जोडावयाचे. २५ फुटांचे असे ५० फूट होत, आणि सेकंदाला १६ चित्रे या वेगाने पडद्यावर ते सुमारे चार मिनिटे चालत.

मी वापरतो तो कॅमेरा स्वित्झर्लंडच्या पाय्यार कंपनीने घडवलेला बोलेक्स आहे. त्यात बॅटरी नाही, तार नाही. कुशीची किल्ली फिरवली की आतली स्प्रिंग ताण धरते, तो ताण दंतचक्रांकडे जातो, वेगनियामक त्याला स्वैर धावू देत नाही, आणि एक इवलासा अंकुश फिल्मच्या छिद्रात शिरून तिला एका चित्रापुरती खाली ओढत असता फिरती तबकडी प्रकाश अडवून धरते. पट्टी पुन्हा निश्चल झाली म्हणजेच तबकडी बाजूला सरते. ज्यातून गतीचा भास व्हावयाचा ते प्रत्येक चित्र अशा रीतीने संपूर्ण स्थैर्यात घेतलेले असते, ही गोष्ट झाकण उघडून आतली रचना पाहताना मला आजही विस्मयकारक वाटते. रीळ भरावे लागते ते सावलीत. तरीही बाहेरच्या वेढ्यांवर थोडा प्रकाश पडतोच, आणि पुढे पडद्यावर, जेथे दोन भागांचा सांधा येतो तेथे, चित्र क्षणभर पांढुरके होऊन पुन्हा सावरते.

चेक प्रजासत्ताकातील फोमा कारखाना या मापाची कृष्णधवल फिल्म अद्याप तयार करतो. तशा एका रिळाच्या पहिल्या भागावर मी दिवाळीत मुलांनी रचलेला मातीचा किल्ला घेतला होता, त्याच्या उतारावर उगवलेल्या अळिवासकट; आणि दुसऱ्या भागावर पुढे मार्गशीर्षात कोल्हापूरकडचे एक गुऱ्हाळ. प्रक्रिया झालेली पण अद्याप न चिरलेली ती पट्टी मी भिंगाखाली धरली, तेव्हा किल्ल्याचे बुरुज सरळ उभे होते आणि त्यांच्या लगत काहिलीवरची वाफ खाली डोके करून निघाली होती. किल्ल्याचा आरंभ गुऱ्हाळाच्या शेवटाशी भिडला होता, आणि किल्ल्याचा शेवट गुऱ्हाळाच्या आरंभाशी. दोन ऋतू एकाच पट्टीवर, परस्परांच्या उलट दिशेने, खांद्याला खांदा लावून नांदत होते.

त्या गुऱ्हाळातच मला या यंत्राच्या मर्यादेचा अर्थ विशेषत्वाने कळला. एका किल्लीत स्प्रिंग फारतर अर्धा-पाऊण मिनिट चालते, आणि सबंध रीळ चार मिनिटांचे. तेव्हा दिसेल ते घेत सुटणे शक्यच नसते. म्हणून मी आधी नुसता बसून राहिलो. चुलवाणात चिपाडे सारणारा माणूस केव्हा जाळ वाढवतो, मळी काढणारा झारा कोणत्या टप्प्यावर थांबतो, आणि गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो तो क्षण कोणत्या लक्षणांमागून येतो, हे समजून घेतल्यावाचून किल्ली देण्यात हशील नव्हते. पाकाचे बुडबुडे दाट होऊन संथ झाले, गुळव्याने पाण्याचे भांडे जवळ ओढले, आणि मग मी खटका दाबला. त्याच्या ओल्या अंगठ्याची आणि तर्जनीची ती हालचाल पडद्यावर काही सेकंदांची आहे, परंतु तिच्यामागे एका कारागिराचा क्रम शिकण्यात गेलेली सकाळ आहे. फिल्मची टंचाई अशा रीतीने पाहणाऱ्याला पाहण्याआधी समजून घ्यावयास भाग पाडते, आणि हा या छंदाचा सर्वांत मोठा संस्कार आहे असे मी मानतो.

आपल्या देशातील चित्रपटाच्या उगमाशीही अशीच धीराची दृष्टी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोड्या थोड्या अवधीने एकेक चित्र घेत टिपली, तेव्हा त्यांची फिल्म चित्रपटगृहाच्या मापाची असली तरी विषय घरातला होता आणि कार्यशाळाही घरातलीच. फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले होते. माझ्या बोलेक्सवरही एकेक चित्र घेण्याची सोय आहे, आणि ती वापरताना त्या कुंडीची आठवण आदराने होते.

परंतु लक्षपूर्वक पाहणे ही साक्षीची एक अट झाली. जे पाहिले त्याचा दस्तऐवज अस्सल असावा, ही दुसरी. घरगुती फिल्म बहुधा प्रतिवर्ती प्रक्रियेची असे: प्रथम तिच्यावर उलट छायेचे चित्र उमटवावयाचे, मग त्या चित्राची चांदी विरघळवून टाकावयाची, आणि उरलेल्या, प्रकाशाला न भेटलेल्या क्षारांतून सुलट चित्र प्रकट करावयाचे. परिणामी जी पट्टी कॅमेऱ्यात होती तीच प्रक्षेपकावर चढते. मध्ये दुसरी प्रत नसते. ज्या उन्हाने त्या दिवशी गुळव्याचा हात उजळला, त्याच उन्हाचा स्पर्श झालेली वस्तू आपल्या हाती असते. दफ्तरखान्यातील सही-शिक्क्याच्या मूळ खताला जो मान, तो या पट्टीला द्यावयास हवा.

या मानाला ती किती पात्र आहे, ते अमेरिकेतील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धात तेथील सरकारने जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, छावण्यांत स्थानबद्ध केले. यूटा राज्यातील टोपाझ छावणीत कॅमेऱ्याला मनाई असता डेव्ह तात्सुनो या गृहस्थांनी एका सहानुभूतिशील अधिकाऱ्याच्या मदतीने आपला ८ मिलिमीटरचा कॅमेरा आत आणवला आणि तेथली धूळ, तेथले बर्फ, तेथली माणसे रंगीत फिल्मवर चोरून टिपली. पकडले जाण्याच्या भयात घेतलेली ती चित्रे १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मोठमोठ्या चित्रपटांच्या पंक्तीला बसली. सरकारी दप्तरात जी माणसे केवळ क्रमांकांनी नोंदलेली होती, त्यांना त्या लहान पट्टीने चेहरे परत दिले.

आपल्या संदर्भात विचार करता, ब्रिटिश अंमलातील साहेबांच्या घरगुती फिल्मांचा मोठा संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रात सांभाळलेला आहे. आपल्या घरांतील माळ्यावरच्या रिळांचे दफ्तरदार मात्र आपणच आहोत. ॲसिटेटला दमटपणा आणि उष्णता या दोहोंचे वैर आहे. त्यांच्या योगे तिचे विघटन होऊन आम्ल सुटते, ते आम्ल विघटनाला आणखी वेग देते, डबा उघडताच शिरक्याचा वास येतो, आणि फिल्म आकसून ठिसूळ होते. कोकणपट्टीच्या हवेत हा ऱ्हास लवकर ओढवतो. म्हणून वास येणारे रीळ इतरांपासून वेगळे काढावे, बाकीची थंड व कोरड्या जागी ठेवावीत, आणि संगणकावर त्यांची नक्कल अवश्य करून ती घरोघर वाटावी. परंतु नक्कल झाली म्हणून अस्सल रद्दीत काढू नये, कारण उद्या अधिक चांगली नक्कल करावयाची झाली तर ती अस्सलावरूनच होईल.

आणखी एक काम आहे, आणि ते यंत्राच्या शक्तीबाहेरचे आहे. या फिल्मांतल्या बहुतेक मुक्या असतात. ओटीवर सुपारी कातरणारे आजोबा कोणाचे, झोपाळ्यावरची मुलगी पुढे कोणत्या घरी गेली, मागे दिसतो तो वाडा कोणत्या पेठेतला, हे पट्टी सांगू शकत नाही. प्रत्येक डब्यावर नाव, गाव आणि साल शाईने लिहिले गेले तरच तिची साक्ष पुरी होईल. ती नावे आज घरातल्या थोरांना अजून ठाऊक आहेत. म्हणून त्यांच्याजवळ बसून ती विचारून घेणे आणि लिहून ठेवणे, हे काम पुढच्या पिढीवर न ढकलता आपणच, आणि या वर्षीच, हाती घेतले पाहिजे.