टाचणातली लाल शाई

चि. धाकटीस,


तुझं टाचण दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदानं, दुसऱ्यांदा पोटात गोळा येऊन. दर पाठाला उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, साहित्य, आणि खाली लाल शाईत शास्त्रवचन. अक्षर अगदी दादाचं. आणखी कोणती वचनं घालू, असं तू विचारतेस. बाई गं, एवढी तरी का घातलीस?

रागावू नकोस. पिकांच्या पाठात मोहरी आली आणि तू मोहरीच्या दाण्याचा दाखला डकवून मोकळी झालीस. शब्दाला शब्द जुळला, एवढंच झालं. त्याच पाठात सरवा होता, तो कसा सुटला तुझ्या नजरेतून? भुईमूग काढल्यावर सरवा वेचायला कुणाच्या घरून जातात, असं विचारलं असतंस तर अर्ध्या वर्गानं हात वर केले असते. शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही, खाली पडलेलं गोळा करायचं नाही, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं, असं लेवीयच्या १९व्या अध्यायात सांगितलंय. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच आधारावर. सरवा म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, तो नियमशास्त्रानं ठरवून दिलेला वाटा आहे. ज्या पोरीची आई सरवा वेचते तिनं हे भर वर्गात ऐकलं, तर ती कशी बसेल याचा विचार कर. बायबलची दृष्टी म्हणतात ती मला अशा ठिकाणी दिसते.

आबांची तागडी आठव. वजनमापांच्या पाठाला त्यांनी एका पारड्याखाली चिंच चिकटवून ठेवली होती. ज्वारी एका पारड्यात एक भरायची, दुसऱ्यात दुसरंच. पोरं चक्रावली. शेवटी एकीनं पारडं उलटं करून पाहिलं आणि सगळा वर्ग ओरडला. आबांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, यात कुणाचं गेलं? खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांत काय आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. त्या दिवशी त्यांनी ते उच्चारलंसुद्धा नाही. पाठ तयार करताना त्यांनी रात्र घालवली होती, ती चिंच कुठे लावायची यात. तू ती रात्र वचन शोधण्यात घालवतेस, आणि हे मला खुपतं.

जोतीराव फुल्यांनी आपल्या अहमदनगरातल्या मिशनरी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण मुली पाटी घेऊन शिकताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, हे मला त्या पाट्यांवर लिहिलेलं दिसतं. तुझ्या हजेरीत, वह्या तपासण्यात, मागच्या बाकावरच्याला तू कसा प्रश्न विचारतेस त्यात ते दिसलं पाहिजे. टाचणात त्यासाठी रकाना लागत नाही.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी. तिसऱ्या बाकावरच्या मुलानं सुवर्णवचन म्हटलं नाही, म्हणून तू त्याला उभं केलंस. हे वाचल्यापासून मला झोप नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कुणाही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे घटनेच्या २८व्या कलमात आहे आणि तुला ते ठाऊक आहे. कलमाचं राहू दे. येशूनं लेकरांना जवळ घेतलं तेव्हा त्यांच्याकडून आधी काही म्हणवून घेतलं होतं का? किती वेळ उभा होता तो? पोरं हसली का? घरी जाऊन त्यानं आईला काय सांगितलं असेल? तू लिहिलंस की तेव्हापासून तो गप्प असतो, आणि पुढच्याच ओळीत स्नेहसंमेलनाची तयारी!

आबांची तागडी सोमवारी एसटीनं पाठवते आहे, दोरी नवी लावलीय. पहिल्यांदा ती त्याच्या हातात दे. पत्राचं उत्तर सावकाश लिही, पण तो आज शाळेत आला होता का, तेवढं संध्याकाळी फोन करून सांग.

तुझी,
आत्या