उरलेला अंमल

सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकताना संख्याशास्त्राच्या बाईंचं ऋण माझ्यावर चढलं. ते फिटण्यातलं नाही. अभ्यासक्रमात नसलेलं त्यांनी मला काम संपल्यावर बसवून शिकवलं.

क्रॉसओव्हर चाचणीचं मला भारी अप्रूप होतं. एकाच रुग्णाला आधी एक औषध, मग दुसरं. निम्म्यांना उलट क्रमाने. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच, म्हणून थोड्या रुग्णांत भागतं. बाई विचारायच्या, "पहिल्या औषधाचा अंमल उरला असेल, तर दुसऱ्या फेरीतला गुण कोणाचा रे?"

मग वहीत रकाने आखून प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही फेऱ्यांतल्या रक्तदाबांची बेरीज करायला लावायच्या आणि दोन गटांच्या बेरजा ताडून बघायच्या. पहिली फेरी थंडीत आणि दुसरी आपल्या मे महिन्यात झाली, तर उन्हाने रक्तदाब थोडा उतरतो. पण तो दोन्ही गटांत सारखाच उतरतो. एका औषधाचा अंमल दुसऱ्यापेक्षा जास्त रेंगाळला, तर मात्र बेरजांत फरक पडतो. ही संख्याशास्त्रज्ञ ग्रिझल यांची 1965 मधली परीक्षा. फरक दिसला की दुसरी फेरी सोडून फक्त पहिलीवरून निकाल काढायचा.

"पण हिच्यावर विसंबू नकोस," हेही बाईंनीच बजावलं. बेरजा वेगवेगळ्या माणसांच्या असतात, आणि माणसामाणसांत इतका फरक असतो की वीस-पंचवीस रुग्णांत खराखुरा कॅरीओव्हरही, म्हणजे उरलेला अंमलही, बहुधा निसटतो. शिवाय आधी ही परीक्षा घेऊन मग पुढची तुलना ठरवली, तर 5 टक्के धरलेली फसगतीची शक्यता बरीच वाढते, हे फ्रीमन यांनी 1989 मध्ये दाखवलं.

म्हणून बाईंचा सगळा भर वॉशआउटवर, म्हणजे मधल्या बिनऔषधाच्या दिवसांवर. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनचं अर्धायुष्य 30 ते 50 तास. पाच अर्धायुष्यांनी जेमतेम 3 टक्के उरतं, म्हणजे दहा दिवस तरी थांबायला हवं. आणि रक्तातून औषध गेलं म्हणजे अंमल गेला असंही नाही. अ‍ॅस्पिरिन रक्तातून झपाट्याने जातं, पण त्याने निकामी केलेल्या प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठवडा-दहा दिवस, तशाच राहतात.

"आणि त्या दहा दिवसांत चाचणीतल्या एखाद्या विडी वळणाऱ्या बाईचा रक्तदाब कोण बघणार?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न असायचा.

आज माझ्यापुढे चाचण्यांचे आराखडे येतात, तेव्हा मी बाईंचेच प्रश्न विचारतो: वॉशआउट किती, कशावरून, आणि तोवर रुग्णाकडे लक्ष कोणाचं? उत्तर नसेल तर दोन स्वतंत्र गटांचीच चाचणी करावी, रुग्ण कितीही जास्त लागोत.