वाडेकरांचं गणित

१६ ऑगस्ट २०१८, गुरुवार

काल रात्री जसलोकमध्ये अजित वाडेकर गेले. वय ७७. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीमुळे आज पेपर नाही, म्हणून सकाळपासून टीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच भागवतोय. जिकडेतिकडे १९७१ चे विंडीज आणि इंग्लंडमधले मालिका विजय, आणि त्यामागोमाग ठरलेलं शेपूट : ‘लकी कॅप्टन’.

नशिबाचा भाग होता, नाही कोण म्हणतो? विजय मर्चंटांच्या कास्टिंग व्होटवर पतौडींच्या जागी कप्तानी मिळाली. गावसकर नावाचा २१ वर्षांचा पोरगा पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा कुटून गेला. पण किंग्स्टनचं काय? पहिला दिवस पावसाने खाल्ला. आपल्या ३८७, त्यात एकट्या सरदेसाईंच्या २१२. विंडीज २१७. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० लागतात. पहिला दिवस अख्खा वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरतात. वाडेकर सरळ सोबर्सकडे गेले आणि म्हणाले, पुन्हा बॅटिंगला या. सोबर्स बघतच राहिले म्हणे. सामना अनिर्णित राहिला, पण दौऱ्यावर कोण कुणाला वचकून राहणार ते त्या दिवशी उलटलं. हे नशीब नव्हे, हे नियमाचं पुस्तक वाचलेलं असणं. मुलाने गणितात डोकं घालून इंजिनीअर व्हावं अशी वाडेकरांच्या वडिलांची इच्छा होती. गणित अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं.

आणि मडगावच्या सरदेसाईंना संघात घ्या हा हट्ट कुणाचा होता? वाडेकरांचाच. सरदेसाईंनी मालिकेत ६४२ केल्या.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

काल संध्याकाळी अटलजी गेले. आज पेपर आला तो पानंच्या पानं त्यांचाच. वाडेकर आत, खेळाच्या पानावर. तक्रार नाही, तेच योग्य. आज शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत वाडेकरांवर अंत्यसंस्कार झाले.

१८ ऑगस्ट, शनिवार

ट्रेंट ब्रिजला आपली पोरं दंडाला काळ्या फिती लावून उतरली. कोहली ९७ वर गेला. मेलबर्नला वाडेकर ९९ वर गेले होते. ३७ कसोटींत त्यांचं शतक एकच, १९६८ मध्ये वेलिंग्टनला १४३. रणजीत मात्र म्हैसूरविरुद्ध ३२३! प्रथम श्रेणीत पंधरा हजारांच्या वर धावा. मुंबईच्या मैदानांवर ज्यांनी त्यांना पाहिलं ते अजून सांगतात, डावखुऱ्या हाताचा तो ड्राइव्ह मारताना हा माणूस घाईत आहे असं कधी वाटलंच नाही. त्यातूनच ‘आळशी’ हा शिक्का बसला असावा. स्लिपमध्ये मात्र आळस दिसत नसे. कसोटीत ४६ झेल आहेत. पोर्ट ऑफ स्पेनला दुराणींनी लॉइड आणि सोबर्स दोघांना काढलं, त्यातला लॉइडचा झेल यांचाच. विंडीजवर आपला तो पहिला कसोटी विजय.

२० ऑगस्ट, सोमवार

डोंबिवलीहून दादाचा फोन. माझा लकीविरुद्धचा सगळा युक्तिवाद ऐकून घेतला आणि मग म्हणाला, “ओव्हलला झोपला होता ना रे तुझा गणिती?”

झोपले होते, हे खरंच. २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. आपल्या मंडळींनी चेसिंग्टन झूमधली बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. आदल्या दिवशी चंद्राने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलेलं. आपल्याला १७३ हव्या, रात्रीचा स्कोअर दोन बाद ७६. सकाळी सकाळीच डॉलिव्हेराच्या फेकीवर वाडेकर ४५ वर रनआउट. ड्रेसिंग रूममध्ये आले आणि चक्क आडवे झाले. आबिद अलीने चौकार मारून सामना संपवला, तेव्हा केन बॅरिंग्टनने त्यांना उठवलं.

दादाला म्हटलं, “उरल्या होत्या ९७. सरदेसाई खेळत होते, विश्वनाथ, सोलकर, इंजिनिअर यायचे होते. खिडकीत उभं राहून नखं खाल्ल्याने काय झालं असतं?”

“आणि ४२?”

यावर मी गप्प. १९७४, लॉर्ड्स, १७ षटकांत ४२. सोलकर नाबाद १८, बाकी एकालाही दोन आकडे नाहीत. मालिका ३-० ने गेली. इंदूरला ७१ च्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची अवाढव्य बॅट उभारली होती, विजय बल्ला. लोकांनी तिचीही नासधूस केली. मधल्या काळात याच कप्तानाने ७२-७३ मध्ये इंग्लंडला घरी २-१ ने हरवलं होतं, सलग तिसरी मालिका, ते कुणाला आठवेना. मग दुलीप करंडकाच्या पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि ३३ व्या वर्षी त्यांनी खेळ सोडला. बॅट फोडणाऱ्यांपेक्षा मला त्या निवडीचा राग जास्त येतो. भारताच्या कप्तानाला विभागाच्या संघातही जागा नाही?

“तू वकील व्हायला हवं होतंस,” दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

२३ ऑगस्ट, गुरुवार

काल ट्रेंट ब्रिजला २०३ धावांनी जिंकलो. कोहलीने विजय केरळच्या पूरग्रस्तांना दिला.

दादाला फोनवर सांगायचं राहिलं ते इथे. ९२ पासून वाडेकर मॅनेजर, अझर कप्तान. ९३ मध्ये इंग्लंडला इथे ३-० ने धुतलं : कुंबळे, राजू, चौहान, तीन फिरकीवाले घेऊन. मॅनेजरने ७१ मध्ये बेदी, चंद्रा, वेंकट घेऊन इंग्लंडमध्येच हे करून पाहिलेलं होतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली. सचिन मागे लागला, मला ओपनिंगला पाठवा. अझर आणि वाडेकर हो म्हणाले. ४९ चेंडूंत ८२. त्यानंतर सचिन वन-डेत ओपनरच झाला. दादा म्हणेल, मान सिद्धूची आखडली, यात वाडेकरांचं काय? म्हणू दे. पुढे कितीतरी वर्षं ते अपंग क्रिकेटपटूंच्या संघटनेचं काम बघत होते, हेही त्याला सांगायचंय. त्यात तरी नशीब कुठून काढतो ते बघू.