आईची टिकली

परवा रविवारी नेहमीप्रमाणे आईला व्हिडिओ कॉल लावला, तर पडद्यावर मिट्ट काळोख. आवाज मात्र खणखणीत! "आई, तू दिसत नाहीयेस.. सेटिंग्जमध्ये जाऊन बघ.." असं दहा मिनिटं चाललं. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "अगं थांब, टिकली काढायची राहिली!"

गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात कुणाचंतरी व्याख्यान झालं म्हणे. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला की लांबचा माणूस आपला कॅमेरा चालू करू शकतो. तेव्हापासून बाईसाहेबांनी कॅमेऱ्यावर मखमली टिकली चिकटवली आहे. मला हसूच आलं. "अगं, कॅमेरा चालू झाला की शेजारचा दिवा लागतो ना!" मी ज्ञान पाजळलं.

मग सहज वाचायला बसले आणि गप्प झाले. २०१३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या मॅकबुकवर तो दिवा न लागता कॅमेरा चालू करून दाखवला होता. २०१६ मध्ये खुद्द मार्क झुकरबर्गच्या लॅपटॉपवर पट्टी दिसली होती. एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनीही आपण पट्टी लावतो असं सांगितलं होतं. म्हणजे आई एकदम मोठ्या लोकांत!

खरा धक्का पुढेच होता. गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली, तेव्हा मी घाईघाईने तिच्या खोलीत वायफायचा कॅमेरा बसवून घेतला. ऑफिसातून फोनवर ती दिसावी म्हणून. त्याचा पासवर्ड? बसवणाऱ्याने ठेवलेला, १२३४५६. वर्षभर तोच! २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच ठरावीक पासवर्ड एकामागून एक घालून बघत लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यांचा उपयोग दुसरीकडे हल्ले करायला झाला, पण दार उघडं ते उघडंच. आई लॅपटॉपला टिकली लावत होती, आणि तिच्या पलंगावर रोखलेला डोळा मीच सताड उघडा ठेवला होता.

त्याच रात्री पासवर्ड बदलला, ओटीपीची पडताळणी सुरू केली, राहिलेलं अपडेट टाकलं. मग आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "मी साडी बदलायला पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरातच जाते गं," एवढंच म्हणाली.

हॅकर हा शब्द तिने ऐकला गेल्या महिन्यात. मग वर्षभर ती आडोसा कोणापासून शोधत होती?

"बोलली का नाहीस?"

"तुला काळजी वाटते ना.."

आता तो कॅमेरा खोलीऐवजी पॅसेजकडे तोंड करून आहे, आणि त्याचं बटण आईच्या हाताशी. दुपारी तिला वाटलं की ती बंद करते. ऑफिसात माझ्या फोनवर काळा पडदा येतो. छातीत थोडं धस्स होतं, नाही असं नाही. मग मी सरळ फोन लावते आणि विचारते, "जेवलीस का?"

असो. माझ्या लॅपटॉपवरही आता एक टिकली आहे. आईनेच पाठवली, अख्खं पाकीट!