चौदा नंबरची विहीर

विद्यापीठातून निघताना आमच्या वहीत विषय होता बेसाल्टच्या थरांचा. भूशास्त्राच्या एम.एस्सी.ची आम्ही चौघं, आणि गाव पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडचं, पावसाच्या सावलीतलं. नाव मुद्दामच देत नाही. सरपंचबाईंनी आमचा विषय शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "खडकाचं तुम्ही बघा पोरांनो. आम्हाला एवढंच सांगा, पिण्याच्या विहिरीला पूर्वी मे संपेस्तोवर पाणी असायचं, आता शिमग्यालाच तळ दिसतोय. पाऊस तर तेवढाच पडतोय. मग पाणी जातंय कुठं?" सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा बरा प्रश्न आहे. हाच घ्या."

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग या काळ्या खडकावर बसला आहे आणि पाण्याच्या बाबतीत हा खडक भारी कंजूष. नदीकाठच्या वाळूच्या एका घनमीटरमधून साधारण १६० लिटर पाणी मिळू शकतं, झिजलेल्या बेसाल्टमधून जेमतेम २० लिटर. त्यामुळे पाणी कोणत्या थरात आहे आणि तो थर गावाखाली कसा पसरलाय, हे कळल्याशिवाय नुसत्या पातळ्या मोजून काही हाती लागणार नव्हतं.

इथे कामी आले तात्या. सुरुंग लावून विहिरी फोडण्यात त्यांची हयात गेलेली. ते आमच्याबरोबर बांधाबांधाने हिंडले. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर टेकायचे, तंबाखू मळायचे आणि सांगायचे: इथं दोन परस मुरूम, मग मांजऱ्या, त्याच्याखाली तांबडा गेरू, मग काळा पाषाण. "पाणी मांजऱ्यात. पाषाणात काय नाय, नुसता घाम." परसाचे मीटर करून आम्ही ते सगळं कागदावर मांडलं, तेव्हा गावाच्या पोटाचा उभा छेद तयार झाला. पाणी धरणारा थर एकच होता, गेरूच्या वरचा, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सलग पसरलेला. पिण्याची विहीर त्यात होती आणि बाकीच्या सगळ्याही त्यातच.

विहिरींना आम्ही क्रमांक दिले. मालकांची नावं कागदावर येऊ देऊ नका, असं पहिल्याच बैठकीत बजावलं गेलं होतं. पिण्याची विहीर चौदा नंबरची. तिची रोजची नोंद शाळेतल्या नववीच्या मुलींनी अंगावर घेतली. मोजपट्टीच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा, शेवटच्या हातभर पट्टीला खडू फासायचा, कठड्यावरच्या ऑइलपेंटच्या खुणेपासून ती खाली सोडायची आणि खडू भिजला तेवढं माप वजा करायचं. मुलींचा हात आमच्यापेक्षा लवकर बसला.

आलेख मात्र निघाला करवतीच्या दात्यांसारखा. एक आठवडा सकाळी पाणी वर, पुढचा आठवडा खाली. पावसाशी त्याचा मेळ बसेना, कारण पाऊस नव्हताच. कोडं सोडवलं पाणी शेंदायला आलेल्या एका मावशींनी. "अगं, ह्या आठवड्यात शेतीची लाईट रातपाळीला आहे. रातभर मोटारी चालल्या की सकाळी पाणी खाली जाणारच." थ्री फेज वीज आलटूनपालटून दिवसा आणि रात्री मिळते, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण तो भूशास्त्राचा भाग आहे, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वहीत एक रकाना वाढला: लाईट कधी होती. सरकारी भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. राज्याचं चित्र काढायला ते ठीक आहे, पण चार नोंदींत ही रातपाळी दिसायची नाही.

आता एवढं उघड होतं की कुणाची तरी मोटार चौदा नंबरपर्यंत पोचतेय. १९९३ च्या कायद्याने राज्यात पिण्याच्या सार्वजनिक उद्भवाभोवती ५०० मीटरची हद्द आखली. तिच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायचा नाही. आम्ही मोजलं. हद्दीत तीन बोअर निघाले, तिन्ही त्यानंतरचे. त्यांतला सगळ्यात खोल, साडेतीनशे फुटांचा, होता ज्यांच्या घरी आम्ही राहत होतो त्या काकांचा: नंबर सतरा.

संशोधनपद्धतीच्या पेपरात या प्रसंगावर प्रश्न येत नाही. ज्यांच्या चुलीपाशी बसून दोन्ही वेळा भाकरी खायची, त्यांचाच क्रमांक नकाशावर लाल रंगात काढायचा. ग्रामसभेच्या आधी आम्ही त्यांना घरीच सांगितलं. काकू आत निघून गेल्या. काका बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझं पाणी साडेतीनशे फुटांवरचं. विहीर पस्तीस फूट. वरच्याचा खालच्याशी काय संबंध?"

शंका रास्त होती. उत्तर त्यांच्याच शेतात होतं. बोअरला केसिंगची नळी असते ती वरच्या मुरमापुरती, त्याखाली भोक उघडं. मांजऱ्यातलं पाणी त्या भोकात झिरपतं आणि गेरू ओलांडून खाली पडत राहतं. मोटार बंद असताना काकांनी बोअरचं टोपण सैल केलं आणि वाकून कान लावला. आत धार लागल्यासारखा आवाज येत होता. ते उठले, गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाले, "बंद ठेवून बघू."

हे सोपं नव्हतं. अंजिराचा मीठा बहार ऐन भरात होता, आणि पुरंदरचं अंजीर उन्हाळ्यातल्या पाण्यावरच पोसतं. तरी त्यांनी मोटार थांबवली. मुली पाळ्या लावून दर अर्ध्या तासाला चौदा नंबरवर पट्टी सोडत राहिल्या. काकांची मोटार बंद असेस्तोवर पाणी सावकाश चढत गेलं, चालू झाल्यावर उतरायला लागलं. मग बाकीच्या दोन मालकांनाही नाही म्हणणं जड गेलं.

ग्रामसभेत नकाशा लावला तेव्हा त्यावर नावं नव्हती, पण सतरा नंबर म्हणजे कोण हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आवाज चढले. एक जण म्हणाला, "ही पुण्याची पोरं भांडण लावून एसटीत बसतील." त्याचं काही खोटं नव्हतं. आम्हाला प्रबंधाचे गुण मिळणार होते, त्यांना एकमेकांच्या बांधाला बांध लावून जन्म काढायचा होता. लोकांबरोबर केलेल्या संशोधनाचं कौतुक करणारे हा हिशेब सहसा मांडत नाहीत.

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विषय वेगळीकडे नेला. १९७२ च्या दुष्काळानंतर याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांना, ऊस नाही, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. ते सांगून बाबा म्हणाले, "पण ते पाणी डोळ्याला दिसत होतं. हे जमिनीखालचं कसं वाटणार?" यावर कुणीच लगेच बोललं नाही. मला वाटतं, त्या दिवशी सभेत झालेली खरी चर्चा इथून पुढची.

शेवटी ठरलं ते माफक होतं. उन्हाळ्यात गावाची टाकी भरेपर्यंत तिघांच्या मोटारी बंद राहतील आणि हद्दीत नवा बोअर होणार नाही. त्या वर्षी टँकर आला, पण उशिरा. पाऊसही बरा झाला होता, म्हणून सगळं श्रेय ठरावाला देता येत नाही. काकूंनी आमच्याशी बोलायला आणखी थोडे दिवस घेतले. बोलल्या त्या मात्र अंजिराचं खोकं हातात देऊनच.

पुढच्या हिवाळ्यात गावात बोअरची गाडी आली. मालकाने पाणाड्याला नारळ दिला होताच, पण त्याआधी चौदा नंबरपासून जागा मोजून घेतली होती: ५१० मीटर. कायद्याने त्यात काही वावगं नाही. मांजऱ्याचा थर मात्र ५०० मीटरवर संपत नाही. मुलींनी त्या बोअरला पुढचा क्रमांक देऊन टाकला, त्याच्या मोटारीच्या वेळांचा रकाना आखला आणि वहीच्या पानाचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, आता हद्द कुठवर धरायची?"