मोशीहून शेवटची पत्रं

मोशी (टांझानिया), २१ नोव्हेंबर, रात्री

प्रिय ताई,

वीज आत्ता आली. संध्याकाळपासून नव्हती आणि मोबाइलही बंद पडला होता, म्हणून तुझा फोन घेता आला नाही. आईच्या डोळ्याची पट्टी काढली का, एवढं सकाळी आधी कळव. थेंब घालताना ती डोळा घट्ट मिटून घेते. तिच्यावर सोडू नकोस, तूच घाल.

आज सातवीच्या मुलांचा जादा वर्ग संपवला. त्यांची परीक्षा सप्टेंबरातच झाली, आता जानेवारीत माध्यमिक शाळा. इथली खरी अडचण तिथे आहे. सरकारी प्राथमिक शाळेत सात वर्षं सगळं स्वाहिलीतून शिकायचं आणि माध्यमिकला गेलं की गणित, विज्ञान, भूगोल सारं इंग्रजीतून. २०१६ पासून माध्यमिकच्या पहिल्या चार वर्षांची फी माफ झाली, त्यामुळे कितीतरी जास्त मुलं तिथवर पोचतात. पोचतात आणि गप्प होतात. ज्यांना परवडतं ते आईबाप या मधल्या महिन्यांत मुलांना शिकवणीला घालतात. बाकीची मुलं शेतात राबतात, नाहीतर धाकटं भावंड पाठीशी बांधून हिंडतात. माझा दुपारचा वर्ग त्यांच्यासाठीच होता.

एका मुलीबद्दल तुला सांगायचंच आहे. तिची आई बाजारात केळी विकते. मी स्वाहिलीत विचारलं, आठ हजार शिलिंगांना घेतलेला घड दहा हजारांना विकला, तर शेकडा नफा किती? मी फळ्यावर लिहून होण्याआधीच तिने पंचवीस सांगितलं. मग तेच गणित आकडे तेच ठेवून इंग्रजीत लिहिलं, तर मान खाली घालून नखाने बाकावरचा रंग खरवडत बसली. ताई, आपल्या सेमीच्या वर्गात दरवर्षी हेच बघितलंय गं मी. गणित येणारं पोर भाषेपायी ढ ठरतं, आणि पुढे स्वतःलाच ढ समजायला लागतं. मला याचा फार राग येतो.

झोपते आता. पाऊस सुरू झालाय.

२४ नोव्हेंबर

ताई,

कालचा आख्खा दिवस कचेरीत गेला. परवान्याच्या कागदावर शेवटचा शिक्का हवा होता. साहेबांनी 'चार वाजता या' म्हणून सांगितलेलं, म्हणजे आपले सकाळचे दहा. इथे तास सूर्योदयापासून मोजतात, त्याची आता सवय झालीय. मी वेळेवर हजर. साहेब समोर बसलेले, पण मान वर करायला तयार नाहीत. माझ्या मागून आलेल्या एका गोऱ्या जोडप्याला खुर्ची दिली, त्यांचे कागद पाहिले, हसून बोलले. मी उभीच. दुपारी म्हणाले, पावतीची प्रत हवी. प्रत काढून आले तर खिडकी बंद. शिक्का आज मिळाला, तोही माझ्या हेडमास्तरांनी स्वतः येऊन दोन शब्द बोलल्यावर. त्या माणसाने शाळेतला अर्धा दिवस मोडून माझ्यासाठी रांग धरली, हे मी विसरणार नाही.

आल्यावर घरमालकीणबाईंनी तूर वाढली. त्या समुद्राकडच्या, टांगाच्या. अख्खी तूर रात्रभर भिजवून शिजवतात आणि नारळाच्या दुधात उकळतात, वर कांदा, मीठ, कधी हिरवी मिरची. सोबत तळलेले गोडसर मांडाझी. पहिल्यांदा मला हे मिश्रण घशाखाली उतरेना, आता नाश्त्याला वाट पाहते. पण गूळ-आमसूल घातलेल्या आपल्या वरणाची आठवण त्याने जास्तच येते. शाळेत दुपारी मकांदे असतं, म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवून. मोठं पातेलं, तीन दगड, लाकडाचा धूर. मका पालकच आणून देतात. ज्यांच्या घरून येत नाही ती मुलं त्या वेळी झाडाखाली खेळायला जातात आणि खेळत मात्र नाहीत.

भावजींना सांग, इथली तूर भारतातच येते. शेजारच्या वर्गावरच्या बाई बाबातीकडच्या, त्यांच्या घरी तुरीचंच शेत. २०१७ साली आपल्या सरकारने आयातीवर मर्यादा घातली आणि इथला भाव कोसळला. त्यांच्याकडे पोती तशीच पडून राहिली. मी त्यांना सांगितलं, त्याच वर्षी आमच्याकडेही बारदाना नाही म्हणून शेतकरी खरेदी केंद्राबाहेर तूर राखत बसले होते, आमचे भावजीसुद्धा. बाई बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

न्गोरोंगोरोला शाळेच्या लोकांनी नेलं. सिंह, हत्ती सगळं दिसलं, फोटो पाठवलेत. किलिमांजारो रोज पहाटे दिसतो आणि आठला ढगात जातो.

२८ नोव्हेंबर, पहाटे

ताई,

बॅग भरली. निरोपाच्या दिवशी मुलांनी माझ्या अंगावर कांगा, म्हणजे इथलं छापील कापड, पांघरलं, आयांनी ॲव्होकाडो आणले. विमानात न्यायचे कसे म्हणून घरमालकीणबाईंकडे ठेवले.

माझी गणिताची वही बाबातीच्या बाईंना दिली. डाव्या पानावर स्वाहिलीत गणित, उजव्या पानावर तेच इंग्रजीत, सोप्या वाक्यांत. पुढचा वर्ग डिसेंबरात त्या घेतील, शनिवारी. हा भरवसा आहे म्हणून मी निघू शकते. नाहीतर ही वेळ निघायची नव्हतीच. जानेवारीत ती केळीवाल्या बाईची मुलगी नव्या वर्गात बसेल, आणि तेव्हा मी आपल्या ओट्यावर पोहे परतत असेन. माझी मुदत ज्यांनी ठरवली त्यांनी शाळेचं वर्ष पाहिलं नाही, विमानाचं तिकीट पाहिलं. शिक्षक पाठवायचे तर असे पाठवू नयेत.

तुझ्या मैत्रिणीची मुलगी यायचं म्हणते ना, तिला माझं नाव घेऊन सांग: जानेवारीत ये, वर्षभर राहा, निघण्यापूर्वी चार महिने स्वाहिली शीक. आणि इथल्या एका शिक्षिकेच्या हाताखाली काम कर, तिच्या जागी नको. हे जमत नसेल तर येऊ नकोस, तेवढ्या पैशांची पुस्तकं पाठव. इथे एका पुस्तकावर चौघं बसतात.

विमान अदिसवरून आहे, उद्या पहाटे मुंबई. स्टेशनवर कुणी येऊ नका, आईला एकटीला सोडू नका. मी एसटीने येते.

तुझी
धाकटी