हे विचार त्यांना मिळाले कुठून?

एका परदेशी विद्यापीठाच्या पीएच.डी.च्या मुलाखतीत हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणाऱ्याचा सूर सौम्य होता, पण आजही आठवला की डोकं तापतं.

मागचं थोडक्यात सांगते. पुण्यात इतिहासात एम.ए. केलं, नेट झाली, आणि विचारांचा इतिहास शिकायचा हे ठरलं ते विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांमुळे. सप्तशृंगीला तप करून आलेला, 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालणारा हा माणूस 1867 साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहितो. जमीन सगळ्यांची मिळून एक, पीक गावच्या कोठारात, ज्याने त्याने गरजेपुरतं न्यावं, कपड्यालत्त्याचंही तसंच. राजा मात्र त्यांना हवाच आहे. त्याच वर्षी हँबुर्गला मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच मला तो निबंध सोडवेना.

मुलाखतीत हे सगळं सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “त्यांनी मार्क्स वाचला होता?” नाही. “मग फ्रेंच समाजवादी?” तसा पुरावा मला सापडला नव्हता. “मग हे विचार त्यांना मिळाले कुठून?” मी म्हटलं, वेदान्त त्यांनी पचवलेला होता, इंग्रजी अमलातली मुंबई आणि कोकण ते डोळ्यांनी पाहत होते, आणि त्यांना स्वतःचं डोकं होतं. यावर मला समजावण्यात आलं की हा धर्मपरंपरेचा विषय झाला, विचारांच्या इतिहासाचा नव्हे. यासाठी दक्षिण आशियाचा विभाग जास्त योग्य ठरेल.

यातली मेख पाहा. बुवांनी फ्रेंच समाजवादी फूरिए वाचलेला निघाला असता, तर माझा प्रबंध ‘युरोपीय समाजवादाचा भारतावरील प्रभाव’ या खणात ठेवला गेला असता. वाचला नाही, म्हणून ते विचारवंतच नाहीत. वाचलं तर उसनं, न वाचलं तर धर्म. मग मराठीत लिहिणाऱ्या माणसाने विचार करायचा तरी कसा? आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले, म्हणून त्यांना मिलचे अनुयायी म्हणून निकालात काढायचं. बुवांनी वाचले नाहीत, म्हणून त्यांना बैरागी म्हणून. मिलने कोणाकोणाला वाचलं याची चौकशीही होते, पण तिच्यावर त्याचं विचारवंतपण कधी अवलंबून नसतं.

जास्त लागलं ते पुढचं. क्वेंटिन स्किनरचा 1969 सालचा निबंध त्याच विभागात पहिल्या सत्राला शिकवला जातो. लेखक लिहिताना काय करू पाहत होता, कोणाला उत्तर देत होता, ते आधी शोधा. अमक्याचा तमक्यावर प्रभाव, असं घाईने लिहू नका, हा त्याचा आग्रह. केंब्रिजच्या या परंपरेने हॉब्ज आणि लॉक यांना त्यांच्या काळातल्या वादांत नेऊन बसवलं. तोच न्याय मी बुवांसाठी मागत होते. मिशनऱ्यांना उत्तर देणारा माणूस एकदम मालमत्तेवर का लिहू लागला, एवढाच माझा प्रश्न होता. पण तो कोणी ऐकूनच घेतला नाही.

घरीही वेगळं नव्हतं. इथल्या एका इतिहास विभागात सांगण्यात आलं, मराठी विभागाकडे जा. मराठीवाले म्हणाले, हे साहित्य नाही.

बाकी कुठे शिकायचं याची निवड बरीचशी पैशाने केली. इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शुल्क शिष्यवृत्तीशिवाय आम्हाला झेपणारं नव्हतं. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुतेकदा पाच-सहा वर्षं शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, बदल्यात शिकवावं लागतं. इथे जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. माझी नुसती नेट होती. शेवटी मी अमेरिकेतच गेले, तेही ज्या प्रकारच्या विभागाकडे बोट दाखवल्याचा मला राग आला होता, त्याच प्रकारच्या विभागात, मात्र दुसऱ्या विद्यापीठाच्या.

आणि तिथे बुवा ओळ न ओळ वाचले गेले. ग्रंथालयात मराठी पुस्तकांच्या रांगाच्या रांगा आहेत. पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाची किंमत भारताने रुपयांत चुकवली आणि त्या रुपयांतून 1962 पासून इथली पुस्तकं तिकडे गेली. पुण्यात ज्या पुस्तकांसाठी मी चार ठिकाणी चिठ्ठ्या घेऊन हिंडले, ती तिथे हाताशी होती. पण मार्क्स किंवा फूरिएवर कडाडून वाद घालणारं त्या विभागात कोणी नाही. त्यासाठी इतिहास विभागाच्या वर्गात जाऊन बसावं लागतं, आणि तिथे मी पुन्हा पाहुणीच.

आणखी एक सांगायला हवं. बुवांना हे विचार मिळाले कुठून, हा प्रश्न आता मलाही पडतो. बुवा मुंबईत ज्यांच्याशी वाद घालत होते त्यांच्या तोंडून त्यांनी काय काय ऐकलं असेल, वर्तमानपत्रांतून काय कानावर आलं असेल, हे मी हल्ली शोधते आहे. असं काही सापडलं तर मला आनंदच होईल. त्या मुलाखतीचा राग मात्र तसूभरही कमी झालेला नाही, आणि या दोन्ही गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

मला पत्रं लिहिणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगते: विद्यापीठाचं नाव नंतर पाहा. तुमचा लेखक मूळ भाषेत वाचू शकेल असं तिथे कोणी आहे का, ते आधी विचारा. मराठी संशोधनाची भाषा म्हणून धरतात का, की फ्रेंच-जर्मनचीच परीक्षा द्यावी लागते? मार्गदर्शक निवृत्तीला आले आहेत का? तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. विभागाच्या माहितीपत्रकात नसलेलं ते सांगतात.

पण हे सल्ले देतानाही माझं समाधान होत नाही. बुवांचा निबंध मराठीत आहे, तो वाचू शकणारी माणसं इथे आहेत. इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी मिळून विचारांच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रम सुरू करायला कोणाची हरकत आहे? एकाच इमारतीत बसणाऱ्या माणसांना एवढं जमत नसेल, तर ही मुलं बाहेर जातच राहतील, आणि जाऊ नका असं त्यांना मी सांगणार नाही.